लोखंडाचं पाणी

ऑपरेटरने आठव्या ड्रमावर बोटाची पेरं आपटली. वर पोकळ, खाली भरीव. आवाज बदलला तिथे त्याने खडूने रेघ ओढली. कालची रेघ आणि आजची रेघ एकावर एक आली, कारण काल पंप चाललाच नव्हता. परवाही नव्हता. तरी रोज सकाळी कामावर आलं की आधी शेडमध्ये जाऊन ड्रम वाजवून बघायचे, ही अकरा वर्षांची सवय काही सुटत नव्हती.

गावाचं सगळं सांडपाणी या प्लांटमध्ये येतं. न्हाणीघरांचं, संडासांचं, धुण्याभांड्यांचं. जाळीत अडकायचं ते अडकतं, हवेच्या टाकीत पाणी दिवसभर घुसळलं जातं, गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ पाणी सांडव्यावरून तलावात जातं. नितळ दिसतं, एवढंच. त्यात फॉस्फरस उरलेला असतो. धुण्याच्या पावडरीतला, माणसांच्या पोटातून आलेला. डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. त्याला धरायचं तर शेवटच्या टाकीच्या तोंडाशी लोखंडाचं पाणी सोडावं लागतं. ड्रमातून येणारं, तपकिरी, सदऱ्यावर थेंब पडला तर दुसऱ्या दिवशी तिथे भोक. हे पाणी फॉस्फरसला कवटाळतं आणि दोघं मिळून तळाशी बसतात. सोडलं नाही, तर लोक विकत आणून शेतात टाकतात तेच खत इथून फुकट तलावात जातं, आणि तलावात शेवाळाचं पीक येतं.

लोखंडाच्या पाण्याची गाडी तीन महिने आली नव्हती.

त्याने साहेबांना फोन लावला. साहेब जिल्ह्याच्या कचेरीत बसायचे, प्लांटवर वर्षातून दोनदा यायचे आणि नाकाला रुमाल लावून फिरायचे.

"गाडी येतेय रे," साहेब म्हणाले. "कागद वर गेलाय."

"आठ ड्रम राहिलेत साहेब. रोज चालवलं तर वीस दिवस."

"रोज चालवायला कोण सांगतंय? नमुन्याच्या दिवसापुरतं चालव, मागेच सांगितलंय ना."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस बाटलीवाला येतो का?"

बाटलीवाला म्हणजे तपासणीचा माणूस. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बर्फाच्या डब्यात बाटल्या घेऊन यायचा, सांडव्याखाली धरून भरायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. गाडी लांबली तेव्हापासून ही रीतच पडली होती. सोमवारी संध्याकाळी पंप सुरू करायचा, मंगळवारी बाटली भरली की बंद. हा हुकूम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर निदान कुणाला दाखवता आला असता.

"आणि तुझाही कायम व्हायचा कागद वर गेलाय बरं," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

ऑपरेटरने सांडव्यावरचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात पुडीतली भुकटी टाकली, हलवलं. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पाणी निळं होत गेलं. जितकं निळं तितकं वाईट. हल्ली निळा एवढा गडद यायचा की सोबतच्या पट्टीवर तो रंगच नव्हता. त्याने नळी मोरीत ओतली, दोनदा विसळली आणि उलटी टांगली.

घर तलावाकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर फळी. त्या फळीवर त्याची बायको सकाळी मासे विकायची. मासे तिच्या सासऱ्यांनी, आबांनी आणलेले. म्हणजे एकाच घरातला एक जण तलावात पाणी सोडायचा आणि दुसरा त्याच पाण्यातून घास काढायचा. आबांना याचा कोण अभिमान! "आमच्या घराने तलावाची दोन्ही टोकं धरलीत," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

आबा मोठ्या जाळ्यावर होते. होडीने जाळं अर्धगोल टाकायचं आणि मग काठावरून दोन दोरांनी ओढायचं, एकेका दोरावर पाच जण. प्रत्येकाची जागा ठरलेली, बापाकडून मुलाकडे आलेली. आबांची जागा डाव्या दोरावर तिसरी. तिसऱ्याने नुसतं ओढायचं नसतं, आरोळीही त्यानेच द्यायची असते. तो ओरडेल तेव्हा दहाही जणांनी जोर लावायचा. आबांचा आवाज गल्लीच्या वरच्या टोकापर्यंत यायचा. लहानपणी ऑपरेटर त्या आवाजानेच जागा व्हायचा.

दोराची आणखी एक रीत होती. जाळेवाल्यांत काही वाद झाला आणि कुणी दोरावर हात ठेवून शब्द दिला, की वाद तिथेच मिटला. पुढे कुणी हू की चू करायचं नाही. मात्र शब्द खोटा निघाला तर त्याने दोर सोडायचा. हाकलायला कुणी येत नाही, आपला आपणच सोडायचा. आबांच्या उभ्या आयुष्यात असं एकदाच झालं होतं. तो माणूस नंतर काठावर कधी दिसला नाही.

उन्हं तापली तसा तलाव हिरवा झाला. दरवर्षी थोडा व्हायचा, कडेकडेने. या वर्षी मधोमध झाला. आधी पाण्यावर दळलेल्या पिठासारखं काही तरंगायला लागलं, मग त्याची साय धरली, मग ती साय एवढी दाट झाली की होडीमागे पडलेली वाट बराच वेळ तशीच दिसायची. जाळं वर आलं की चिखलात बुचकळल्यासारखं जड. दोर हातातून निसटायचा. आबा रोज घरी येऊन दगडाने तळहात घासायचे, तरी रेषांमधला हिरवा जायचा नाही. मांड्यांना पुरळ उठलं. सून खोबरेल तेलाची वाटी पुढे सरकवायची आणि तोंड फिरवायची, म्हणजे त्यांना लावता येईल.

"मामंजी, आज तीन गिऱ्हाइकं वास घेऊन परत गेली," ती म्हणाली. "एक बाई म्हणते, माशाला मातीचा वास येतो. मी म्हटलं, मासा काय झाडावर लागतो?"

"बरं बोललीस."

"बोलले खरं, पण वास येतच होता."

आबा हसले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "तुमचं पाणी ठीक आहे ना रे?"

"नितळ आहे आबा," ऑपरेटर म्हणाला. यात खोटं काही नव्हतं. पाणी नितळ होतंच. असं खरं बोलून वेळ मारून नेणं त्याला अलीकडे जमायला लागलं होतं, आणि जमतंय याचीच त्याला शिसारी यायची.

जाळेवाल्यांचा म्होरक्या घोगऱ्या. तरुणपणी घशाचं काही दुखणं झालं होतं, तेव्हापासून आवाज फाटका, म्हणून घोगऱ्या. आरोळी देणं त्याला जमायचं नाही, पण बाकी सगळं जमायचं. त्याने अर्ज लिहून घेतला. प्लांटचं पाणी नीट न करता सोडतात, तलाव नासतोय, वरून माणूस पाठवून चौकशी करा. नऊ जणांच्या सह्या झाल्या. दहावी आबांची राहिली होती.

त्या दिवशी आबांनी घरी येऊन पाय धुतले, पण रोजच्यासारखे आत गेले नाहीत. मुलगा ओट्यावर चपला काढत होता, त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"सगळ्यांनी सह्या केल्या," ते म्हणाले. "मी नाही केली."

"मग?"

"मी म्हटलं, माझं पोर आहे तिथे. असं व्हायचंच नाही. तर घोगऱ्या म्हणतो, एवढी खात्री आहे तर दोरावर हात ठेव. उद्या सकाळी ठेवतो म्हटलं. अर्ज बारगळतो तिथल्या तिथे."

ऑपरेटर चपलेचा पट्टा सोडत राहिला. पट्टा कधीच सुटला होता.

"पाणी रोज औषध घालूनच सुटतं, असं म्हणणार आहे मी," आबा म्हणाले. "बरोबर ना? औषधच म्हणतात ना त्याला?"

"हं."

"ठेवू ना हात?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. बायको ऐकत होती.

नाही म्हटलं तर काय होईल, हे ऑपरेटरला पुरतं माहीत होतं. अर्ज वर जाईल, माणूस येईल, साहेब म्हणतील पंप ऑपरेटरने बंद ठेवला, मी कधी सांगितलं? दाखवायला चिटोरासुद्धा नाही. अकरा वर्षं पाण्यात. आणि सकाळीच साहेब म्हणाले होते, गाडी निघाली, चार दिवसांत पोचते. चार दिवसांनी आबांचा शब्द खराच होणार होता. चार दिवसांचा तर प्रश्न.

"ठेवा," तो म्हणाला.

आबांनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली आणि गुडघ्यावरच भार देऊन उठले.

रात्री बायकोने जेवण वाढलं. आबा बाहेर हात धुवायला गेले तेव्हा तिने हळूच विचारलं, "खोटं होतं ना?"

"चार दिवसांत गाडी येतेय."

"मी गाडीचं विचारलं नाही."

त्याने ताटातला घास गोळा केला, पुन्हा मोडला, पुन्हा गोळा केला. ती ताट उचलून घेऊन गेली.

आबांनी सकाळी दोरावर हात ठेवला. डाव्या दोराच्या तिसऱ्या जागी, सगळ्यांच्या देखत, उजवा तळहात पालथा. घोगऱ्याने अर्जाची घडी केली आणि खिशात घातली. "शब्द ऐकला, वाद मिटला," तो म्हणाला. "पण बाटली भरतात ती बघायला आम्ही येऊ. त्याला तर मनाई नाही?"

मनाई कशी असेल? गाडी चार दिवसांत आली नाही, सहा दिवसांतही नाही, पण पहिला मंगळवार मात्र वेळेवर आला. सोमवारी संध्याकाळी ऑपरेटरने पंप सुरू केला. नळीतून तपकिरी धार शेवटच्या टाकीच्या तोंडाशी पडायला लागली. पाण्यात बारीक गंजकट कण धरले, फुगले, सावकाश खाली गेले. एवढं नीट काम चाललेलं त्याने महिन्याभरात बघितलं नव्हतं. सकाळी त्याने नळीत भुकटी टाकली तर पाणी जेमतेम निळसर झालं. त्याला क्षणभर खरंखुरं बरं वाटलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

घोगऱ्या आणि आणखी दोघे आले. आबा धुतलेला सदरा घालून त्यांच्या पुढे. प्लांटच्या आत ते पहिल्यांदाच येत होते. टाक्यांच्या कठड्यावरून ते असे चालले, जसा काही हा कठडा मुलानेच बांधलाय. बाटलीवाल्याने बाटली भरली. घोगऱ्याने त्याचा पिच्छा सोडला नाही, "इथेच काय ते दाखवा की," म्हणाला. बाटलीवाल्याने पेटीतली नळी काढली, भुकटी टाकली, पट्टीला लावून बघितली.

"शून्य पूर्णांक सहा," तो म्हणाला. "एकपर्यंत चालतं."

"म्हणजे चांगलं की वाईट?" आबांनी विचारलं.

"चांगलं आजोबा. एकदम चांगलं."

आबांनी घोगऱ्याकडे बघितलं. मग मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. ऑपरेटरची पाठ त्या हाताखाली आखडून गेली. घोगऱ्याने खिशातून अर्ज काढला, फाडला, तुकडे कुठे टाकावेत हे न कळून पुन्हा खिशातच घातले.

"चुकलं माझं," तो आबांना म्हणाला. "वरच्या शेतांतून येत असणार."

साडेअकराला सगळे गेले. पावणेबाराला ऑपरेटरने पंप बंद केला.

पुढच्या आठवड्यात आभाळ आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं झाकण घातल्यासारखं आभाळ. तीन दिवस पाण्यावर पान हललं नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताना, शेवाळाने पाण्यातली हवा संपवली तसे मासे वर आले. तोंडं पाण्याबाहेर काढून आ वासत होते, हजारोंनी, आणि त्याचा बारीक पुचपुच आवाज सगळ्या काठाला येत होता. पोरांनी हातानेच धरले. दुपारपर्यंत धरायची गरज उरली नाही. हिरवी साय पिवळी पडली, तिच्यात पांढरी पोटं वर. वीतभर मासे, हातभर मासे, बोटाएवढी पिल्लं. काठाकाठाने त्यांची पट्टी साचली आणि उन्हात फुगायला लागली.

विकायचा प्रश्नच नव्हता. खड्डे खणून पुरायचं ठरलं. बायका टोपल्या वाहत होत्या, पुरुष कमरेइतक्या पाण्यात उतरून गोळा करत होते. ऑपरेटर ड्यूटी संपवून तसाच गेला आणि पँट दुमडून आबांच्या शेजारी उतरला. वास एवढा होता की पहिल्या घटकेत ओकारी आली, मग नाक मेलं. मासे हातात घेतले की कातडी सुटून बोटांना चिकटायची. आबांच्या मांड्यांवरचं पुरळ फुटलं होतं. ते एकेक मासा उचलून टोपलीत ठेवत होते, फेकत नव्हते.

"हा बघ," त्यांनी एक मोठी मादी वर धरली. पोट अंड्यांनी टम्म. "पंधरा दिवस मिळाले असते तर." मग म्हणाले, "वरच्यांनी खतं टाकून टाकून तलाव मारला. तुमचं पाणी तर आम्ही डोळ्यांनी बघितलं."

ऑपरेटरला ते ऐकवेना. आबांनी शिव्या दिल्या असत्या, शंका घेतली असती, तर तो आणखी महिनाभर गप्प बसू शकला असता. या विश्वासापुढे त्याला तोंड मिटून ठेवता येईना.

"आबा," तो म्हणाला, "पंप बंद असतो."

"कधी?"

"रोज. बाटलीवाला येतो तो दिवस सोडून. औषध संपत आलंय. वरून सांगितलंय तसं."

आबांनी हातातली मादी टोपलीत ठेवली. पुढचा मासा उचलला. तोही ठेवला. आणखी पाचसहा उचलले.

"मी तुला विचारलं, त्या दिवशीही बंद होता?"

"हो."

"मी हात ठेवला तेव्हा?"

"हो आबा."

"बरं," आबा म्हणाले. टोपली भरली होती. त्यांनी ती उचलून सुनेच्या डोक्यावर दिली, तिची चुंबळ नीट केली आणि परत पाण्यात आले. अंधार पडेपर्यंत दोघे शेजारी शेजारी मासे गोळा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला बायको प्लांटच्या फाटकाशी आली. अकरा वर्षांत ती डबा द्यायलासुद्धा आली नव्हती. पदराने तोंड दाबलेलं होतं.

"मामंजींनी दोर सोडला," ती म्हणाली.

ऑपरेटर फाटकाचा गज धरून उभा राहिला.

"सगळे जाळं धुवायला जमले होते. मामंजी आपल्या जागी गेले, दोर उचलला, खाली ठेवला. म्हणाले, माझा शब्द खोटा होता. प्लांटचा पंप महिने झाले बंद आहे."

"मग माझं नाव..."

"ऐकून तर घ्या. म्हणाले, पोराने मला आधीच सांगितलं होतं. खरं काय ते सगळं सांगितलं होतं. मीच त्याची नोकरी जाईल म्हणून खोटा हात ठेवला." तिचा आवाज चिरकला. "बायका काय काय बोलल्या त्यांना. घोगऱ्या तर थुंकला. अंगावर नाही, पण पायाशी. आणि ते उभे, खाली मान घालून. माझ्या तोंडाशी आलं होतं हो, पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं..."

ऑपरेटर तसाच निघाला. फाटक उघडं, टाक्या उघड्या. गल्ली उतरून घरी आला तेव्हा आबा ओट्यावर बसून पायाला तेल लावत होते.

"मी जाऊन सांगतो," तो ओट्याखालूनच म्हणाला.

"काय सांगशील?"

"खरं."

"म्हणजे मी आज दोरापाशी जे बोललो ते खोटं, असंच ना?" आबांनी वाटी खाली ठेवली. "एकदा खोटा ठरलो तर दोर सोडला. दुसऱ्यांदा ठरलो तर काय सोडू? सांग ना. काय राहिलंय माझ्याकडे?"

ऑपरेटर ओट्याच्या पायरीवर बसला.

"तू बोलला नाहीस, तेव्हा बोलायला पाहिजे होतं," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "आता नको बोलूस. जा, कामावर जा. सगळं उघडं टाकून आला असशील."

घोगऱ्याने नवा अर्ज लिहिला आणि स्वतः जिल्ह्याला जाऊन दिला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सदर केंद्रातील पाण्याचा नमुना समाधानकारक असून तो आपल्याच प्रतिनिधींच्या समक्ष घेण्यात आला आहे. साहेबांचा फोन आला. "छान सांभाळलंस," ते म्हणाले. "जाळेवाल्यांना समक्ष बोलावलंस ते फार डोक्याने केलंस."

"गाडी साहेब?"

"कागद वर गेलाय."

आबा आता घरातच असायचे. काठाकडे जायचे नाहीत. गल्लीत कुणी त्यांना राम राम करायचं नाही, त्यांनी केला तर लोक फळीवरच्या रिकाम्या टोपलीकडे बघायचे. सुनेने ओटा पुसायला घेतला की ते उठून दुसऱ्या टोकाला बसायचे, ती तिकडे आली की पहिल्या टोकाला. एवढा दांडगा माणूस घरात अडचण झाल्यासारखा वावरायला लागला. जाळं ओढायचं पुन्हा सुरू झालं तेव्हा डाव्या दोरावर चारच जण होते आणि आरोळी कुणाचीच धड लागत नव्हती. एक ओढायचा, दुसरा थांबायचा. तो विस्कटलेला आवाज ओट्यापर्यंत ऐकू यायचा. आबा कानात बोट घालून खाजवल्यासारखं करायचे.

एका रविवारी सकाळी घोगऱ्या घरी आला. आबा ओट्यावर होते, पण त्यांच्याकडे त्याने बघितलं नाही. ऑपरेटरला बाहेर बोलावलं.

"जागा रिकामी आहे," तो म्हणाला. "तिसरी जागा तुमच्या घराची. घराबाहेर द्यायची आमची रीत नाही. सगळ्यांचं बोलणं झालंय. तू ये."

"मी?"

"तुझा काय दोष? नोकरी आहे, वरून हुकूम येतो, तू काय करणार? पण तू घरी येऊन बापाला खरं सांगितलंस. नोकरीची पर्वा न करता सांगितलंस." घोगऱ्याने त्याच्या दंडाला धरलं. "तुझ्यासारखा माणूस पाहिजे तिसऱ्या जागेवर. बापाने घालवलं ते तू राखलंस."

ऑपरेटरने आबांकडे बघितलं. बायको दारात येऊन उभी राहिली होती, तिनेही आबांकडे बघितलं.

"जा," आबा म्हणाले.

"आबा, मला..."

"जा म्हणतो ना. जागा जाईल."

तो घोगऱ्याच्या मागून उतरला. आबा बऱ्याच अंतराने मागून आले आणि काठाच्या वर, बायका टोपल्या घेऊन थांबतात तिथे उभे राहिले. बायका थोड्या बाजूला सरकल्या. होडीने जाळं टाकून झालं होतं. डाव्या दोरावरच्या चौघांनी मधली जागा सोडली. ऑपरेटरने दोर हातात घेतला. ओला, बुळबुळीत, त्याच्या अंदाजापेक्षा खूप जाड. कुणीतरी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"पाय रोव," वरून आबांचा आवाज आला. "उजवा मागे. उजवा."

त्याने उजवा पाय मागे घेतला.

"दे आवाज," घोगऱ्या म्हणाला.

नऊ जण दोर धरून वाट बघत होते. ऑपरेटरने तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा बाहेर आली. कुणी हसलं नाही, सगळे समजुतीने थांबले. मग आवाज आला, त्याचा त्यालाच अनोळखी, मोठा, मोकळा, आणि दहा जणांनी एकदम जोर लावला.

जाळं वर यायला तासभर लागला. त्यात शेवाळ होतं, दोन फुटक्या बाटल्या होत्या आणि बोटाएवढे सातआठ मासे. घोगऱ्याने ते मासे परत पाण्यात सोडले. जाळं झटकून होडीत भरायला घेतलं, आणि दुसऱ्या ओढीसाठी सगळे पुन्हा आपापल्या जागी उभे राहिले.